साडूंच्या हॉलमधला समुद्र

समुद्राला इतकं लागून घर असताना घरात पुन्हा वेगळा समुद्र मांडणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. त्यांच्या पडवीत उभं राहिलं की माडांच्या मधून मालवणचा दर्या दिसतो. भरतीच्या वेळी त्याची गाज अशी येते की शेजारी बसलेल्याशीही मोठ्याने बोलावं लागतं. असा दर्या फुकट आणि कायमचा मिळालेला असताना या गृहस्थांनी काचेची चार फुटी टाकी आणून हॉलमध्ये बसवली, तिच्यात खारं पाणी भरलं आणि ते पाणी वाहून आणण्याचं काम मला न विचारता माझ्याकडे सोपवलं. कारण माझ्याकडे एक जुनी व्हॅन आहे. मी आठवडाभर कणकवलीच्या कॉलेजात शिकवायला जा-ये करतो. रविवार हा माझा झोपायचा दिवस होता. होता म्हणतो, कारण आता तो नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही भावोजीच म्हणतो. त्यांची सगळी नोकरी तालुक्याच्या कचेरीत गेली. निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या दोन खोल्या ते पर्यटकांना राहायला देऊ लागले. कचेरी सुटली, पण कचेरीची भाषा काही सुटली नाही. एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलणारे भावोजी एखाद्या गोष्टीबद्दल गंभीर झाले की एकदम शासकीय मराठीत शिरतात. मागे त्यांनी परसात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या. ताईंना कपडे वाळत घालणं अशक्य झालं, तेव्हा त्या चिडून बोलायला गेल्या, तर हे म्हणाले, "सदर माश्या अद्याप परिसराशी रुळलेल्या नाहीत." त्या रुळल्याच नाहीत. पुढे पलंगाखाली अळंबी लावून झाली. ती मात्र इतकी रुळली की पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीतही उगवली. भावोजींना नाद लागतो तेव्हा ते आधी महिनाभर गप्प असतात, फोनमध्ये डोकं घालून वाचत राहतात. घरातल्यांनी या शांततेला घाबरायला हवं होतं.

टाकी आली तेव्हा पहिला प्रश्न जागेचा निघाला. पाण्याने भरलेली टाकी म्हणजे तांदळाची पाच-सहा पोती एकावर एक ठेवावीत इतकं ओझं. जमीन सपाट हवी, ऊन नको, विजेचं बटण जवळ हवं. असा कोपरा अख्ख्या घरात एकच होता, आणि चतुर्थीला गणपती त्याच कोपऱ्यात बसतो. भावोजींच्या आजोबांच्या वेळेपासून तिथेच बसतो. ताई कमरेवर हात ठेवून टाकीसमोर उभ्या राहिल्या. "चतुर्थीक गणपती खंय बसतलो, ता आधी सांगा."

"सदर जागा चतुर्थीपूर्वी रिकामी करून देण्यात येईल," भावोजी म्हणाले. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार झालो, ते असं.

मग पाणी. मला वाटलं होतं, समुद्र समोर आहे, चार कॅन भरले की झालं. पण भावोजींना कुठलंही पाणी चालत नव्हतं. खाडीच्या तोंडाचं गढूळ, बंदराजवळचं तेलकट, पावसानंतरचं पातळ. खारेपणा मोजायचं एक काचेचं नळकांडं ते खिशात पेनासारखं अडकवून फिरत. पुळणीवर गुडघाभर पाण्यात उभे राहून ते नळकांड्यात पाहत, मान हलवत आणि म्हणत, "हय नको, पुढे बघूया." असे आम्ही भरतीच्या वेळा सांभाळत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडलो. मासे विकत घ्यायला आलेले लोक आम्हाला पाणी नेताना पाहत. एकदा एका ओळखीच्या बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कोण आजारी आसा काय? शेकूक व्हया ह्या पाणी?"

पाणी भरलं, दगड रचले, पंप फिरू लागला आणि त्यानंतर काहीच झालं नाही. मासे सोडायचे नाहीत, असं भावोजींनी जाहीर केलं. पाण्यात आधी डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तयार व्हावे लागतात, ते घाण खातात, मगच मासा जगतो. आणि जिवाणू यायचे तर आधी घाण हवी. म्हणून ताईंनी कालवणासाठी सोललेल्या सुंगटांतली, म्हणजे कोळंबीतली, चांगली जाडजूड निवडून त्यांनी टाकीत कुजायला टाकली. ताईंनी माझ्या बायकोला फोन केला. "खावची सुंगटा पाण्यात कुसवतत. सांगाचा कोणाक?" पुढचे कित्येक दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस टाकीपुढे वाकायचा, दगड बघायचा आणि विचारायचा, "मासे खंय आसत?" भावोजी शांतपणे म्हणायचे, "येतले." "मगे ह्या काय आसा?" "पाणी." आणि मी दर रविवारी त्या पाण्यातलं थोडं काढून नवीन पाणी घालायला जात होतो. माशाशिवायच्या टाकीचं पाणी बदलताना माणसाच्या मनात जे विचार येतात ते मी इथे लिहीत नाही.

भावोजींना खरं हवं होतं ते प्रवाळ, आणि ते तर मिळणारच नव्हतं. जिवंत प्रवाळ समुद्रातून उचलणं हा गुन्हा आहे, हे भावोजींनीच मला नियमासकट ऐकवलं. कुणी दिलं तरी घेणार नाही, म्हणाले. मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा वैतागून ताईंना विचारलं. ताई नारळ खवत होत्या. खवणं न थांबवता त्यांनी एका पाहुण्या मुलीचं सांगितलं, "पुण्याचा एक चेडू इलेला रव्हाक. पाण्याखाली जावन प्रवाळ बघून इला. ह्यांका विचारल्यान, काका, तुम्ही तर रोज बघत असाल ना. ह्यांनी हो म्हटलानी." खवलेलं खोबरं बाजूला सारून त्या म्हणाल्या, "कानाचो पडदो फुटको ह्यांचो, लहानपणापासून. डॉक्टरान पाण्याखाली जाऊक नको म्हणान सांगितलेला. कधी बघूकच नाय ह्यांनी. त्या चेडवान फोनवरचे फोटो दाखवल्यान, ते बघून दोन दिवस जेवले नाय धड." त्यानंतर मी पाण्याबद्दल कुरकुर कमी केली. बंद केली असं म्हणता येणार नाही, कारण भरलेला कॅन उचलताना कंबर स्वतःहून बोलते.

अखेर मासे आले. कुणीतरी घरी पैदास केलेली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची एक जोडी खोक्यातून बसने कणकवलीला आली आणि मी कॉलेजात जायच्या आधी तो खोका उतरवून घेतला. दिवसभर स्टाफरूममध्ये खोका मांडीवर घेऊन बसलो. संध्याकाळी भावोजींनी खोक्यातल्या माशांच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत इतका वेळ लावला की ताईंनी मध्येच सगळ्यांना जेवायला वाढलं. मासळीवाली दुसऱ्या दिवशी दारात आली, टोपली उतरवून तिने आत डोकावून पाहिलं. "इतक्याश्या माश्याक इतकी मोठी टाकी? ह्येचा सार सुदिक जावचा नाय." भावोजींनी त्या दिवशी मासळी घेतली नाही.

काही महिन्यांनी एका दगडाच्या फटीत पारदर्शक झिरमिळ्या हलताना दिसल्या. आमच्याच पाण्यातून आलेलं इवलंसं समुद्रफूल. भावोजींनी फोटो काढून आपल्या फोनवरच्या मत्स्यपालकांच्या गटात टाकला, तर तिथल्या जाणत्यांनी कळवलं, हा उपद्रव आहे, टाकीभर पसरतो, सुईने गरम लिंबूपाणी टोचून मारून टाका. भावोजींनी उत्तर लिहून मला वाचून दाखवलं: "सदर जीव पाय नसतानाही आमच्या घरी आला आहे. तरी त्यास मारण्याचा प्रस्ताव फेटाळण्यात येत आहे." फूल पसरलं. फटीफटीतून झिरमिळ्या डोलू लागल्या. जाणते बरोबर होते, पण टाकीत पहिल्यांदाच काहीतरी आपण होऊन वाढत होतं आणि भावोजी पाहुण्यांना ते माशांच्या आधी दाखवत.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं. माड पडले, खांब वाकले आणि वीज गेली ती दिवसामागून दिवस आलीच नाही. इन्व्हर्टर लवकरच संपला. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून भावोजी स्टुलावर बसून तांब्याने पाणी वर काढायचे आणि उंचावरून परत टाकीत ओतायचे. मी गेलो तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब होता. मी तांब्या घेतला. माझे हात भरून आल्यावर पुन्हा त्यांनी घेतला. थोड्या वेळाने ताई स्वयंपाकघरातून आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरा बाजूक. माका देवा तो तांब्यो." या टाकीला त्यांनी तोवर बोटही लावलं नव्हतं. आळीपाळीने आम्ही तिघं ते पाणी हलवत राहिलो. तरी जोडीतला मोठा मासा गेला.

वीज आली, पंप सुरू झाला, पण भावोजी टाकीपाशी फिरकेनात. त्यांनी मासा माडाच्या बुंध्याशी पुरला आणि पडवीत बसून राहिले. मी पाणी घेऊन गेलो, तर साध्या आवाजात म्हणाले, "बंद करूया आता. तुका पण किती त्रास." कचेरीची भाषा नव्हती. ती नव्हती म्हणूनच मला कसंतरी झालं. मी काही बोलायच्या आत ताई उंबऱ्यात आल्या. "एक उरलो आसा ना. त्येका खंय सोडतल्यात?"

"चतुर्थी येतली आता," भावोजी म्हणाले. "जागा रिकामी करून देतंय म्हटलेलंय."

"गणपती माजघरात बसतलो ह्या वर्सा. मी भटजींका विचारलंय." आणि त्या आत गेल्या. भावोजी उठले आणि मी आणलेला कॅन त्यांनी एका बाजूने धरला.

गणपती माजघरात बसला. भजनी मंडळी आली, तेव्हा पखवाजाने मासा बिचकेल म्हणून भावोजींनी टाकीवर जाड चादर टाकली, आणि आरतीला उभे असतानाही त्यांचं एक लक्ष हॉलकडे होतं. विसर्जन करून आम्ही भिजलेल्या कपड्यांनी परत आलो. घर सुनं झालं होतं. ताई आत प्रसादाची भांडी आवरत होत्या. भावोजींनी चादर काढली. उरलेला मासा झिरमिळ्यांच्या आडून बाहेर आला आणि तिथेच घुटमळत राहिला.

गेल्या वर्षभरात भावोजी वाकले आहेत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. कॅन आता आम्ही दोघांनी मिळून धरला तरच दारातून आत येतो. त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "दमलंस काय रे?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "दमलंय," मी म्हटलं.

"मीय," ते म्हणाले. "बस वायच."

मी खुर्ची ओढली. माजघरात ताईंनी दिवा लावला होता, हॉलमध्ये मात्र टाकीचाच तेवढा उजेड होता. आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.