छबूसाठी आलेलं अंडं

उमाशंकरअप्पांच्या सदऱ्याच्या आत, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शेजारी, एक कापडी पिशवी लोंबत असे आणि तिच्यात छबू झोपलेली असे. त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, त्या पिशवीचा भयंकर राग यायचा. पिशवी त्यांनीच शिवून दिली होती, हे तर आणखीच झोंबायचं.

मुलगा शिवम पुण्याला नोकरीला. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी परदेशी धाडलं, तेव्हा आपली शुगर ग्लायडरची जोडी तो अहमदपूरला आईबापांच्या हवाली करून गेला. खारीहून लहान, राखाडी, पाठीवर काळा पट्टा आणि डोळे नुसते टपोरे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. तो पसरून ती कपाटावरून थेट माणसाच्या खांद्यावर तरंगत यायची. "दिवसा ती झोपतात, तेव्हा पिशवीत घालून अंगाशी ठेवा," असं शिवमनं बजावलं होतं. "वासावरनं माणूस ओळखतात, पप्पा. एकदा ओळखलं की सोडत नाहीत." त्यानं ठेवलेली इंग्रजी नावं अप्पांच्या जिभेवर बसेनात, म्हणून नराचा ढब्या झाला आणि मादीची छबू.

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभी हयात त्यांनी स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली आणि घरातही ते तसेच बोलायचे. थोडक्यात, कुणाकडे न बघता, आणि परत विचारलं तर खेकसून. बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. सगळा संसार 'अगं'वर निभावला. सिंधुबाईंनी मनाची समजूत घातली होती. शेजारणी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला बसल्या की त्या म्हणायच्या, "आमच्या मानसात मायाच न्हाई बघा. कुणावरच न्हाई." त्या 'कुणावरच'चा त्यांना मोठा आधार होता.

तो आधार छबूनं काढून घेतला. माया होती. चांगली ढीगभर होती. इतकी वर्षं ती कुठं दडवून ठेवली होती, देव जाणे! हा गृहस्थ आता द्राक्षाची साल काढत बसायचा. पपईची फोड नखाएवढी करायचा. संध्याकाळी दिवेलागणीला छबू पिशवीतून तोंड बाहेर काढी, तेव्हा "उठलं का माझं सोनं? झोप झाली का गं बाय?" असा आवाज लागायचा, की सिंधुबाई स्वयंपाकघरात पोळी तव्यावर टाकायची विसरत. तापानं फणफणल्या तरी त्यांना कधी कुणी 'झोप झाली का' म्हणून विचारलं नव्हतं.

त्यांनी एकदा स्वतःही छबूला हात लावून पाहिला. तिनं अंग फुगवून असा कर्रर्र आवाज काढला की सिंधुबाई दोन पावलं मागं सरल्या.

"तुझा वास तिला आवडत न्हाई," अप्पा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सिंधुबाईंनी आत जाऊन पदर नाकाला लावला. फोडणीचा, साबणाचा, चुलाण्याच्या धुराचा वास. ह्याच वासाच्या हातचं हा माणूस जन्मभर जेवत आला होता! दुसऱ्या दिवशी त्या गळ्याला पावडर लावून गेल्या. छबू शिंकली आणि अप्पा सिंधुबाईंवरच ओरडले. ढब्या बिचारा कोणाच्याही खांद्यावर बसायचा, पण सिंधुबाईंना ढब्याशी काही देणंघेणं नव्हतं.

शिवमनं जाताना खाण्याचा डबा दिला होता. त्यात वाळवलेल्या अळ्या निघाल्या. अप्पांनी तो डबा त्याच दिवशी उकिरड्यावर नेऊन टाकला. "लिंगायताच्या घरात असलं चालत न्हाई." मग छबू आणि ढब्याही आपोआप लिंगायत झाले. पपई, केळं, शेवयांची खीर, सणाला पुरण. शिवमचा फोन आला की अप्पा म्हणायचे, "मजेत हायत."

पावसाळा सरता सरता छबू मागचे पाय ओढत चालायला लागली. उडी मारायला जाई आणि पडे. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ते लातूरला निघाले, आणि पिशवी धरायला कुणी हवं म्हणून सिंधुबाईंनाही बरोबर घेतलं. धरू मात्र दिली नाही. सगळी वाट छातीवर तळहात ठेवून बसले होते.

जनावरांच्या डॉक्टरनं छबूला तपासून विचारलं, "नुसतं गोडधोड आणि फळं घालताय ना? किडे खाणारा प्राणी आहे हा. हाडं पोकळ व्हायला लागलीत. किडे घालायचे नसतील तर उकडलेलं अंडं तरी द्या. आणि हे कॅल्शियम."

सिंधुबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता म्हणतील 'चालत न्हाई', आता म्हणतील, असं त्यांना वाटत होतं.

अप्पांनी विचारलं, "चुरून द्यायचं का फोड करून?"

शिवमच्या बाळंतपणानंतर सिंधुबाई अंगणात चक्कर येऊन पडल्या होत्या. अंगात रक्त उरलं नव्हतं. तेव्हाही डॉक्टरनं अंडं सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या घरात असलं चालत न्हाई." अप्पा तिथंच उभे होते, खाली बघत, चपलेचा अंगठा नीट करत. अंडं सिंधुबाईंना तेव्हाही नकोच होतं. नुसत्या नावानं मळमळायचं. नवऱ्यानं एकदा तोंड उघडावं, आईला एक शब्द विचारावा, एवढीच इच्छा होती. गूळ-शेंगदाण्यावर त्या हळूहळू उठून बसल्या आणि कामाला लागल्या.

आता त्याच घराच्या परसात विटांची चूल मांडून, जुन्या पातेल्यात, अप्पा स्वतःच्या हातानं अंडं उकडू लागले. छबूला हळूहळू पाय टेकवता येऊ लागले. सिंधुबाईंचा मात्र रोज जळफळाट व्हायचा. शेवटी एके दिवशी अप्पा अंडं चुरत बसले होते, तिथं त्या जाऊन उभ्या राहिल्या.

"मलाबी अंडं सांगितलं होतं डाक्टरनं. शिवमच्या येळंला."

अप्पांचा हात थांबला. "आई होती तवा."

"तुमीबी होताव की."

"तू कुठं काय बोललीस?"

"छबू बोलली का?"

अप्पा परत अंडं चुरू लागले. सिंधुबाईंचा आवाज फुटला. "जळून राहिले मी ह्या उंदराएवढ्या जिवावर. हसायचं तर हसा. तुमच्यात मायाच न्हाई म्हनून मी गप बसले. आता कशी गप बसू?"

अप्पा हसले नाहीत. त्यांनी पातेलं उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी चुलीवर दोन अंडी होती. अप्पांनी एक सोललं, नखाएवढ्या फोडी केल्या, वर मीठ टाकलं आणि ताटली सिंधुबाईंसमोर ठेवून ते पाटावर बसले. "घे," एवढंच म्हणाले.

वास येऊ नये म्हणून सिंधुबाईंनी श्वास रोखला. त्यांनी एक फोड तोंडात घातली. अप्पा टक लावून बघत होते, घास गिळला का नाही ते. एवढ्यात सदऱ्याच्या आत पिशवी हलली, उपाशी छबूनं तोंड बाहेर काढलं आणि अप्पांची मान खाली जाऊ लागली.

"माझं होईस्तोवर तिकडं बघायचं न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या.

अप्पांनी मान वर केली. छबू कर्रर्र करत राहिली. सिंधुबाईंनी दुसरी फोड उचलली आणि जेवढं सावकाश चावता येईल तेवढं सावकाश चावू लागल्या.