उलटा घड

सरांची चारचौघांत फजिती व्हावी, असं मला त्या महिन्यात रोज वाटायचं. ब्रश करताना, जेवताना, कॉलेजच्या जिन्यावर. माझा स्वभाव मुळातच खुनशी आहे, हे मी आधीच कबूल करते.

मी जळगावला डिझाइन शिकत होते. शेवटच्या वर्षी बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं, म्हणून धुळ्याच्या एका स्टुडिओत लागले. शनिवारी सकाळची एसटी, पारोळ्याला चहा, दहाच्या आत धुळ्यात. स्टुडिओ म्हणजे दोन कॉम्प्युटर आणि एक माणूस. त्या माणसाला मी सर म्हणायचे. मूळचे तिकडच्याच खेड्यातले, पण बोलणं असं इस्त्री केलेलं की पुण्यात जन्मले असावेत.

तिथे मी चार कामं केली. केळीच्या कापणीची पाळी लावायचं ॲप. ट्रकमध्ये घड रचायचा गेम, ज्यात थरांमध्ये पाला टाकायला विसरलात की केळी काळी पडतात आणि तुम्ही हरता. वेफर्सची जाहिरात, आणि त्या जाहिरातीसाठी एआयकडून काढून घेतलेली चित्रं. यातली पहिली दोन तर सरळ माझ्या घरातून आलेली. आम्ही सावद्याचे, केळीवाले. कापणाऱ्या टोळीची वाट बघत माझे वडील, म्हणजे आमचे आबा, अर्धा अर्धा दिवस बांधावर बसून राहायचे. ते ॲप मी त्यांच्यासाठीच केलं होतं.

परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या. त्यांनी माझं काम पाहिलं, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि तो माझ्यापुढे धरला. सरांच्या वेबसाइटवर माझी चारही कामं होती आणि खाली नाव सरांचं. सगळ्या वर्गासमोर बाई म्हणाल्या की हे चोरलेलं आहे. काम माझंच आहे असं सरांकडून महिन्याभरात लिहून आणलं तर ठीक, नाहीतर वर्ष गेलं. मूळ फाइली स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर होत्या आणि पासवर्ड सरांनी बदलला होता.

मी धुळ्याला गेले. फक्त एक ओळ लिहून द्या, म्हटलं. सरांनी चहा मागवला आणि फार प्रेमाने सांगितलं, “स्टुडिओत झालेलं काम स्टुडिओचं असतं. तुझं नाव घेऊन लोक काय करणार आहेत?” त्याच दमात त्यांनी नवं कामही दिलं. ॲप लोकांना दाखवायचा कार्यक्रम सावद्यात, केळीवाल्यांसमोर होणार होता. स्टेजमागे मोठा बॅनर हवा, एआयकडून केळीचा झकास घड काढून घे, म्हणाले. मी मान डोलावली. चहासुद्धा पूर्ण प्यायले.

एआयला केळीचा घड येत नाही. दुकानात टांगलेली डझनभर केळी त्याने पाहिलेली, म्हणून तो झाडावरच्या घडाची केळीसुद्धा खाली तोंड करून लोंबवतो. झाडावर ती वर वळलेली असतात. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल. धुळ्याच्या माणसाला ते दिसणार नव्हतं. मी नेहमी असा घड दुरुस्त करूनच द्यायचे, याही वेळी केला होता. दोन्ही चित्रं माझ्यापुढे होती. मी उलटं पाठवलं. पाठवताना मला मजा वाटली.

कार्यक्रमाला आबा येणार नव्हते. त्यांना पारोळ्याला एका लग्नाला जायचं होतं. पण मुलीचे सर गावात येतायत हे कळल्यावर त्यांनी लग्नाला जाणं रद्द केलं. एवढंच नाही, स्टेजच्या दोन्ही बाजूंना बांधायचे केळीचे खांब त्यांनी आपल्या बागेतून, घडांसकट आणले. पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पडदा सरकला. मधे माझा बॅनर आणि दोन बाजूंना आबांचे खरे घड.

आधी मागून हसू आलं, मग सगळा हॉल हसायला लागला. सर बोलत राहिले. शेवटी आबाच उठले. त्यांना राग आला नव्हता, पाहुण्याची चूक सांभाळून घ्यावी तसं ते म्हणाले, “साहेब, केळं वर पाह्यते. ज्यानं हे काढलं, तो कधी बागात उभा नाही राह्यला.”

सरांचा चेहरा उतरला. मी एवढ्यासाठीच जगत होते. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, मला शोधलं आणि बोट दाखवलं. इस्त्री उतरली आणि आतलं धुळे बाहेर आलं. “हाई बठ्ठं काम हिनीच करेल शे. ॲप, गेम, हाई चित्र, बठ्ठं. मी हात बी लायेल नही.”

सगळं काम हिनेच केलंय, मी हातही लावलेला नाही. मला हवी होती ती ओळ हीच. कुणीतरी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ मी घरी पोहोचायच्या आत गावाच्या ग्रुपवर आला. मी तो बाईंना पाठवला. बाईंनी माफी मागितली, मी पास झाले, आणि वेबसाइटवरून सरांनी ती कामं गुपचूप काढली. या सगळ्याचा मला आनंद झाला, अजूनही होतो.

फक्त बाईंना पाठवण्याआधी मी त्या व्हिडिओचा शेवट कापला. त्यात सगळे आबांकडे वळून हसतायत. मागून एक जण म्हणतो, आबा, ही तर तुमचीच पोरगी. आबा हसत नाहीत. ते खांबाजवळ जातात, आपल्या घडाची सगळ्यात खालची फणी हाताने उचलून धरतात आणि मला विचारतात, “तुले माहीत व्हतं न?”

मी हो म्हणते. आबा फणी सोडतात आणि खांबाची दोरी सोडायला लागतात.