पानाच्या डब्यातली ठिणगी

इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी बरेच दिवस नुसती वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भुताखेतांची पुस्तकं कपाटात लावतानाही मला त्यांचं कधी काही वाटलं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टींना जागाच नव्हती. माझा मोठा भाऊ, अण्णा, आमच्या मुरूम गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, आणि कुणी काही अजब सांगायला लागलं की त्याचा एकच प्रश्न असे — "ते ठीक हाय, पण सप्लाय कुठनं येतोय?"

तो प्रश्न आता माझ्यापाशी राहिला आहे.

अण्णाची एक जुनी, छोटी पांढरी पेट्रोलची गाडी होती. वयोमानानं तिचा एक भाग गेला — इंजिनात ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा. तसा भाग उमरग्यात मिळेना, सोलापुरातही मिळेना. मग अण्णानं स्वतःच सर्किट बनवलं. आईचा पानाचा ॲल्युमिनियमचा डबा उचलला, सगळं त्यात बसवलं आणि डबा बॉनेटखाली आवळून टाकला. डॅशबोर्डवर एक बारीक लाल दिवा लावला. ठिणगी पडत असली की तो लुकलुकायचा.

"माझं पान बंद केलं मेल्यानं," आई म्हणायची.

"बंद कुठं? तुझं पान आता गाडी खातीय!"

आणि खरोखरच, डबा तापला की गाडीत कात-लवंगेचा वास यायचा.

गेल्या हिवाळ्यात अण्णा आमच्या चुलतभावाकडं, बालाजीकडं सास्तूरला गेला होता. तिथंच झोपेत गेला. त्याला जीपमधून मुरूमला आणलं. गाडी बालाजीच्या दारात राहिली.

आईला आता फारसं दिसत नाही. तिनं अण्णाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि हात मागं घेतला. "ह्यो माझा न्हाय," म्हणाली. "त्याची गाडी कुठं वाजली?"

तेरावं झालं तरी ती रडली नाही. जेवणही सोडलं. चहा तेवढा घ्यायची. संध्याकाळ झाली की दारात बसून रस्त्याकडं कान लावायची. मी ताट घेऊन गेले की एकच — "गाडी येऊ दे. मग दोघं जेवतो." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे असंच चाललं तर आईही हातची जाईल.

मी बसनं सास्तूरला गेले. गाडी अण्णानंच मला शिकवली होती.

बालाजी दारातच म्हणाला, "आक्का, कशाला आलीस एकटी? लई येळा चावी फिरवली म्या. नुसती घर्र घर्र करती. तो लाल लाइट लागतच न्हाय. ट्रॅक्टरला टोचन करून पाठवतो की मुरूमला."

दोरीनं ओढत आणलेली गाडी वाजत नाही. आईला काय ऐकू येणार होतं? "एकदा मी बघते," म्हटलं.

"बघ बाई. अण्णाची गाडी हाय, बहिणीचं ऐकंल कदाचित." तो हसला, आणि लगेच डोळे पुसत आत गेला. बाहेर आला तो अण्णाची पिशवी घेऊन. "कपडे, चष्मा... उघडली न्हाय आमी." पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

मी चावी फिरवली. घर्र घर्र झालं. मग... लाल दिवा लुकलुकला. इंजिन सुरू झालं.

बालाजी टायरवर थाप मारून बाजूला झाला.

लोहाऱ्यापर्यंतचा रस्ता मला आठवतो तो असा, की मी गाडी चालवत नव्हते, कुणीतरी मला नेत होतं. दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना करडई पिवळी धमक फुललेली, आणि ऊन इतकं मऊ की रस्ता पाण्याखाली आहे असं वाटावं. मधूनच कात-लवंगेचा वास येई. दिवा शांतपणे लुकलुकत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. लोहारा सोडल्यावर एका चढावर तो मंद झाला, इंजिन आचके देऊ लागलं. माझ्या तोंडून निघून गेलं — "अण्णा, आई उपाशी आहे."

दिवा पुन्हा लागला. मी मागं वळून पाहिलं नाही. भीतीनं नव्हे, मागं कुणी नाही हे बघायचं नव्हतं.

दिवेलागणीला गल्लीत शिरले तर आई भिंतीला धरून उभीच होती.

"आला?"

मी इंजिन बंद करून उतरले. तिनं चाचपडत बॉनेटवर तळवा ठेवला. "तापलीया," म्हणाली. मग, "त्याचा चष्मा दे."

मी पिशवीतून चष्म्याची डबी काढून तिच्या हातात दिली. तिनं उघडली तर चष्म्याबरोबर बत्ताशाएवढी धातूची एक टोपी तिच्या तळहातावर पडली. खाली दोन काड्या असलेली.

"हे काय गं? गरम हाय की."

मी हात लावला. गरम होती. मागच्या काचेतून ऊन लागलं असेल, असं मनात म्हटलं. त्या रात्री आईनं दुधात कुस्करून अर्धी भाकरी खाल्ली.

सकाळी गाडी सावलीत घ्यायला गेले तर घर्र घर्र. दिवा नाही. अण्णाच्या दुकानाशेजारी रफिकभाई गाड्यांचं वायरिंग करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी पानाचा डबा उघडला.

"ताई, ह्यातला ट्रान्झिस्टर कुठंय?"

मधल्या सॉकेटला दोन रिकामी भोकं होती. मी घरातून तो धातूचा बत्तासा आणून दाखवला.

"हाच की! परगावी गाडी लावली की अण्णा हा काढून डबीत ठेवायचे. म्हणायचे, चावी कुणाची बी लागती, ह्याच्याबिगर गाडी हलत न्हाय." गाडी लावल्यावर अण्णा बॉनेट उचलायचा, ते मी पाणी बघायला समजत आले होते. "मग काल टोचन करून आणली म्हणा."

"नाही. चालवत आणली."

रफिकभाई हसायला लागले. माझ्याकडं बघून थांबले. "ताई, असं होत न्हाय. ह्याच्याबिगर ठिणगी कशी पडंल? दुसरा बसवला असंल कुणी, रातच्याला काढला असंल."

पण गाडी रात्रभर अंगणात होती, फाटकाला कुलूप होतं, बॉनेट कुणी उघडलं नव्हतं. आणि अण्णानं दुसरा आणलाच नव्हता, हेही त्यांनीच नंतर सांगितलं. खात्रीसाठी त्यांनी रिकाम्या डब्यावर पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिली; नुसतं घर्र घर्र.

आतून आईचा आवाज आला. "नका फिरवू आता. घरापतोर येऊन ऐकवलं त्यानं मला गाडीचं वाजणं... गेला त्यो."

आणि इतक्या दिवसांनी ती रडली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाहेर रफिकभाईंनी ट्रान्झिस्टर बसवला असावा. गाडी चटकन सुरू झाल्याचं आम्हा दोघींना ऐकू आलं. आईनं मान वर केली नाही.

आता आई जेवते. गाडी मी वापरते, आणि परगावी लावली की अण्णासारखी बॉनेट उचलून तो बत्तासा काढून घेते. तो नेहमी गरमच असतो. काम केलेलं असतं ना त्यानं. पण त्या दिवशी तो सास्तूरपासून मुरूमपर्यंत मागच्या सीटवर, चष्म्याच्या डबीत होता. सप्लाय कुठनं येत होता, अण्णा?