वाघाच्या रानातला अबोला

बायांनो, आज रानात काय झालं ते आयका.

सकाळी मोहफुलं वेचाले दोघीच गेलो, मी अन् शेजारीण शेवंताबाई. शेताच्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, भांडलो तवापासून आमचा अबोला. पण रानात वाघ आहे, म्हणून एकीनं हाक मारली की दुसरीनं ओ द्याचीच.

मी हाक मारली. ओ नाई. गळा फाटेस्तोवर ओरडली. मोहाखाली तिची टोपली होती, ती नव्हती. रडतरडत झुडपं धुंडाळली.

तर बाई नाल्यावरून तोंड धुऊन आली!

"ओ काऊन नाई दिली?"

"आपला अबोला आहे ना!"

पिक्चरमधी पाह्यलं असतं तर हसली असती मी.

येताना मी तिच्या बाजूलेच चालत होती, तरी शेवंताबाई दर दहा पावलांवर मले हाक मारे. मी दरवेळी ओ दिली.

भांडण मिटलं समजू का?