क्लेमेंटीतला पांढरा बुधवार

टूर कंपनीच्या झेंड्यामागे चालायचं नाही, हे माझं आधीच ठरलं होतं. मुलगी ऋचा सिंगापूरला क्लेमेंटीत राहते, विद्यापीठात संशोधन करते. तिच्याकडे दोन आठवडे मुक्काम करायचा आणि शहर आपल्या पायांनी बघायचं. मी जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो; ते वाइंडिंगचं काम पुस्तकं वाचून शिकलो, प्रवासही तसाच शिकतो.

तर आधी कामाचं. नागपूरहून थेट विमान नाही, मुंबईहून घ्या. अरायव्हल कार्ड सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. टॅक्सीही नको. विमानतळावरून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने निघा, तानाह मेराहला हिरव्या लाइनवर बदला, की सरळ क्लेमेंटी. परदेशात चालणारं बँकेचं कार्ड फाटकावर टेकवलं की तिकिटाचं झालं.

फ्लॅटमध्ये ऋचासोबत तिची मैत्रीण राहते. तिला इथे यांगचेन म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, कारण पुढे कळेल. दार तिनेच उघडलं. अंगात कमरेला बांधलेला लांब तिबेटी झगा. ती जन्मली, वाढली आपल्या पूर्व विदर्भातल्या तिबेटी वसाहतीत, मराठी आपल्यासारखीच बोलते, असं ऋचाने सांगितलं होतं. म्हणून मी हौसेनं विचारलं, "काय म्हणते गाव?" ती हसली, मान झुकवली, पाणी दिलं. शब्द नाही. रात्री जेवतानाही नाही. मला लागलं, खोटं कशाला लिहू.

सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती एकदम बोलायलाच लागली.

"काकाजी, राग नका मानू बाप्पा! काल बुधवार होता न."

मग उलगडा झाला. तिबेटात शाळा-कचेऱ्यांत चिनी भाषा. स्वातंत्र्याचा फलक हाती धरला तर तुरुंग. म्हणून तिथल्या लोकांनी बुधवार धरला. तो त्यांच्या धर्मगुरूंचा वार. त्या दिवशी पोशाख आपला, जेवण आपलं आणि बोलायचं ते शुद्ध तिबेटी. याला ते ल्हाकार म्हणतात, म्हणजे पांढरा बुधवार. देशाबाहेरचेही पाळतात. यांगचेनला कामावर, प्रयोगशाळेपुरती इंग्रजीची सूट.

"आमच्या तिबेटीत मराठी भलती घुसली, काकाजी. बुधवारी तिला बाहेर काढा लागते."

"म्हणजे काल मलाच काढलंस की."

"हाव!" म्हणून ती खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "पण आता हे सोडावं म्हणते. इथंच वुडलँड्सला माझी एक तिबेटी मैत्रीण होती, नर्स. ती कॅनडाला गेली. घरी फोन केला तर सगळे दोन वाक्यांत मराठीवर येतात. एकटीनं मुकं बसायचं, त्याले काय चळवळ म्हणतात? पुढचा बुधवार शेवटचा."

शनिवारी तिघं हाँग लिम पार्कला गेलो. छोटीशी बाग; सिंगापूरच्या नागरिकांना रीतसर नोंदणी करून इथे सभा घेता येते. परदेशी माणसाला सभेत उभंही राहता येत नाही. यांगचेन कडेकडेनंच चालली. तिला बरं वाटावं म्हणून मी फोनवर ल्हासाचा मार्ग आखून दाखवला: चेंगदूपर्यंत विमान, पुढे रेल्वे, डाव्या-उजव्या खिडकीतून काय दिसेल तेसुद्धा.

"छान आहे," ती म्हणाली. "तुम्ही परमिट काढून जाऊ शकता. मी अर्ज केला तर तिकडच्या नातेवाइकांची नावं विचारतात. आजीची बहीण आहे तिथं. मी नाव लिहिलं, की तिच्या दारावर पोलिसांची थाप."

मी फोन खिशात घातला. तिचं घर, आणि जाऊ मी शकतो! या लेखात तिचा फोटो नाही, वसाहतीचं नाव नाही, ते यामुळे. तपशील गाळणं मला जड जातं, पण गाळले.

परतताना एमआरटीत मीच म्हटलं, "मला शिकव. बुधवारपर्यंत."

"तुम्ही? तिबेटी?"

"बाबा एकदा म्हणाले की सोडत नाहीत," ऋचा म्हणाली. "भोग आता."

यांगचेनने वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून दिली. बोटॅनिक गार्डनमध्ये (प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट) मी झाडांना "कुसू देपो यिनपे?" विचारत फिरलो. म्हणजे, तब्येत बरी आहे ना?

बुधवारी हॉकर सेंटरला (स्वस्त खाण्याच्या स्टॉलांची मंडई) सूप नूडल्स घेतले, तिच्या तिबेटी जेवणाला तेच सगळ्यात जवळचं; पाच डॉलरच्या आत, झणझणीत मिरची फुकट. एक घास घेऊन मी "शिम्पो दू" म्हटलं, चवदार आहे. यांगचेनने चमचा खाली ठेवला आणि उत्तर दिलं. मी पुढचं म्हटलं. नूडल्स संपायच्या आत माझी वाक्यं संपली, मग मी पहिल्यापासून सुरू केली. तिने दुसऱ्यांदाही तितक्याच गंभीरपणे तब्येत बरी असल्याचं सांगितलं. दर बुधवारी तिला मुकाट जेवताना बघणारी स्टॉलवरची चिनी आंटी ओरडली, "वा, टुडे वेन्सडे गर्ल कॅन टॉक! अंकल ऑल्सो कॅन, लाह!"

नागपूरला परतलो. काय उरलं? बागा, इमारती विसरायला झाल्या आहेत. दर बुधवारी संध्याकाळी मी यांगचेनला फोन करत असे, माझी गाडी दहा-बारा वाक्यांपुढे जात नसे. मागच्या बुधवारी एका गिरणीतली मोटार उघडून बसलो होतो, फोन राहूनच गेला. तर तिचाच आला. बराच वेळ तिबेटीत बोलली, भरभर, मधेच चिडून, मधेच हसत. मला चार शब्द कळले. मी मराठीत काही विचारलं नाही. नुसतं "हं, हं" करत राहिलो.

गुरुवारी विचारलं, "काल एवढं काय सांगत होतीस?"

"काही नाही काकाजी. कांदे किती महाग झाले इथं, तेच."