सपाट झालेल्या दोन ओळी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा अंगठ्याखाली दबला आणि तोच स्पर्श परत आला.

हडपसरच्या आमच्या कारखान्यात दामूअण्णा जुन्या लोखंडी जहाजाची प्रतिकृती करत होते. तांब्याच्या पातळ पत्र्यावर मागून सुई टेकवून ते एकेक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं गोल डोकं, उठवायचे. पुढून ते उंचवटे खसखशीएवढे दिसायचे. अण्णा चहाला गेले असताना मी त्या उंचवट्यांवरून सहज अंगठा फिरवला. दोन ओळी सपाट झाल्या. तेवढ्यात जिन्यावर अण्णांच्या मागोमाग साहेबांचे बूट वाजले. मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. अंगठा मुठीत लपवला.

"अण्णा, जहाज पाण्यात सोडायचं नाही म्हणून रिव्हेट वाचवलेत वाटतं?" साहेब म्हणाले.

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "राहिलेत खरे. आता डोळे साथ देत नाहीत, साहेब."

मी मूठ आणखी आवळली. त्याच महिन्यात त्यांनी काम सोडलं.

पुढे धायरीला त्यांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन मी परतलो. म्हणायचं होतं ते एवढंच: अण्णा, तुमचे डोळे चांगले होते. अंगठा माझा होता. मला माफ करा.