आमच्या भजनमंडळीची शिस्त

तुमच्या मंडळीत गाणारे किती, असं कुणी विचारलं की मी सांगत असे, एक. मी. बाकीचे सगळे भजनानंतरच्या सुंडलासाठी येतात. खोबरं घातलेले उकडलेले चणे द्रोणात पडेपर्यंत दम धरायचा, एवढीच त्यांची भक्ती.

आम्ही तंजावुरातली मराठी घरं. निवृत्त लोक, दर शनिवारी संध्याकाळी जमतो. अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. तंबोऱ्याचा सूर ते मोबाइलवर लावतात, आणि ऐन अभंगात त्याच मोबाइलवर त्यांच्या मुलीचा फोन येतो. मग सूर बंद, आणि हे तमिळमध्ये ओरडून विचारतात, "जेवलीस का?" दुसऱ्या एक बाई पट्टुसाडी, म्हणजे रेशमी साडी, दाखवायला येतात. पदर सरळ करण्यात त्यांचं निम्मं कडवं जातं. अभंग सगळ्यांनी वहीत तमिळ लिपीत उतरवलेले. देवनागरी वाचणारी मी एकटी, शिवाय जन्मभर कॉलेजात शिकवलेलं, म्हणून पुढे बसायचा मान माझ्याकडे आला. मला तो आवडला. खोटं कशाला बोलू?

इकडे भजनाची एक जुनी रीत आहे. पुढच्याने ओळ म्हणायची, आणि ती संपायच्या आत मागच्यांनी उचलायची. मध्ये फट पडू द्यायची नाही. ओळ खाली पडली तर देव उठून जातो म्हणे. माझं शेवटचं अक्षर अजून तोंडात, तोवर हे लोक माझ्या अंगावर! गाणं कसलं, मासळीबाजार. मी तरुणपणी तिरुचीला क्वायरमध्ये गायलेली. तिथे संचालकाचा हात खाली आल्याशिवाय कुणाची ओठ उघडायची प्राज्ञा नव्हती. आणि इथे हे.

सगळ्यांत आधी अंगावर यायची ती पापनाशम गावची मामी; इकडे वयस्क बाईला सगळे मामीच म्हणतात. पंचाहत्तरीची बाई, बसने यायची, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे मांडीवर वहीसुद्धा नसे. सगळं पाठ. आवाज म्हणाल तर तडकलेल्या घागरीसारखा, आणि हातात जाल्रा, म्हणजे आमचे लहान टाळ. ते वाजवत ती जी ओळीवर झडप घालायची, ती घालायचीच.

अशात कळलं की पुण्याच्या एका मंडळाचे तिघे जण आमचं गाणं ऐकायला येणार आहेत. पसंत पडलं तर हिवाळ्यात त्यांच्या कार्यक्रमाला आम्हाला पुण्याला नेणार. इतक्या पिढ्यांनी आमची माणसं तिकडे जाऊन गाणार, आणि तीही माझ्या हाताखाली! मला ते हवं होतं. फार हवं होतं.

मी नियम केला. माझी ओळ संपेल, मी मनात चार मोजीन, हात खाली येईल, मगच म्हणायचं. सहा शनिवार हाच घोष. सगळे नंदीबैलासारखे माना डोलवत. पण मामी काही चारपर्यंत थांबेना, आणि ती सुटली की तिच्यामागे सगळा कळप. शेवटच्या तालमीलाही तेच झालं. माझं डोकं फिरलं. सगळे कॉफी पीत होते, त्यांच्यासमोरच मी म्हटलं, "मामी, पुढच्या शनिवारी तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज नको."

मॅनेजरसाहेबांना एकदम कॉफीत काहीतरी पडलेलं दिसलं. मामीने टंबलर खाली ठेवला.

"बरें, टीचर," ती म्हणाली. "जाल्रा तरी वाजवूं?"

"तेही नको."

पुढच्या शनिवारी पाहुणे आले. कडक इस्त्रीचे झब्बे, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, एकाने मोबाइल उभा धरलेला. आमची मंडळी नटूनथटून सतरंजीवर. मी पहिली ओळ म्हटली. छान लागली. चार मोजले. हात खाली आणला.

काही नाही.

सगळ्यांच्या माना वहीत. माझ्या हाताकडे एकजण बघेल तर शपथ. सगळ्यांनी कान तेवढा मागे, भिंतीकडे लावलेला. मी ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा हात आणला. मॅनेजरसाहेबांनी "अं" केलं आणि घाबरून गिळलं. पट्टुसाडीवाल्या बाई पदर सरळ करू लागल्या. आणि शेवटच्या रांगेत मामी, डोळे मिटून, हात मांडीत घेऊन, ती ओळ ओठांनी पुरी म्हणत होती. अक्षर न अक्षर, वेळेवर.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. या मेंढरांनी माझा हात कधी पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं ती म्हातारी ओळ उचलत होती आणि हे तिला धरून चालत होते. पुढे बसून मी नुसती हात हलवत होते.

"मामी, म्हणा." एवढंच बोलायचं होतं. दोन शब्द. पण पुण्याच्या लोकांसमोर? जीभ रेटेना. मी पुढची ओळ म्हटली आणि मागचीही मीच म्हटली. अख्खा अभंग तसाच ओढला. चारदोन जण अधूनमधून कण्हले, तेवढीच साथ. मामीचे ओठ शेवटपर्यंत हलत राहिले.

टाळ्या झाल्या. सुंडल वाटायला लागल्यावर त्या तिघांपैकी एकाने मला बाजूला घेतलं. "मंडळीचं राहू द्या, तुम्ही एकट्याच या की," तो म्हणाला. आणि मी, मंडळीला मेंढरं म्हणणारी मी, लाज कोळून प्यायल्यासारखी "हो, येईन" म्हणाले.

मामी दारात उभी होती. बसची वेळ झालेली, तरी थांबली होती. तिने माझं मनगट धरलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"टीचर, माझा आवाज आला नाही ना कोणाला?"

"नाही, मामी."

"देवाची कृपा," ती म्हणाली. "दोनदां गळ्यापर्यंत आला होता. धरून ठेविला."